आतून लावलेलं दार

११ नोव्हेंबर

आपा,

१. अम्मी मंगळवारी दुपारी गेली. दुल्हाभाईंचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते.

२. मी संध्याकाळी पोहोचले. अम्मी पुढच्या खोलीत पलंगावर होती. चादर हनुवटीपर्यंत होती.

३. सकाळी गुस्लसाठी, शेवटच्या आंघोळीसाठी, तिला मागच्या न्हाणीघरात नेलं. आत तिघी होत्या. तू, चाची आणि शेजारच्या शिंपीणबाई.

४. मी बाह्या वर करून दारापाशी आले. तू म्हणालीस, "तू बाहेर थांब." दार आतून लावलंस. कडीचा आवाज आला.

५. दार उघडलं तेव्हा अम्मी कफनात होती. मला फक्त चेहरा पाहायला मिळाला.

६. तू मला जवळ घेतलं नाहीस. तुझे हात सगळा वेळ दुपट्ट्याखाली होते.

७. न्हाणीघरातल्या कचऱ्याच्या डब्यात जखमेवर बांधायच्या वापरलेल्या पट्ट्या आणि मलमाची रिकामी ट्यूब दिसली. अम्मीच्या पाठीला झालेल्या जखमांची.

८. मी विचारलं, "आत काय दिसलं?" तू म्हणालीस, "जे दिसलं ते तिथंच राहिलं."

हे आठवणीतून लिहिलं आहे. काही चुकलं असेल तर त्या आकड्यापुढे दुरुस्ती लिही. फोन केला की तू कुकरचं कारण सांगून ठेवून देतेस. एका घरात इतके कुकर लागत नाहीत, म्हणून पत्र.

माझं काम तुला माहीत आहे. कारखान्यात मोडलेला भाग आमच्याकडे येतो, कधी बॉयलरची नळी, कधी पंपाचा दांडा, आणि तो का मोडला हे मी शोधते. काहीही एकदम मोडत नाही. तडा आधी केसाएवढा असतो. तो कुणीतरी वेळेवर पाहायला हवा असतो. तेव्हा साधे प्रश्न विचारते. अंथरुणाला खिळल्यावर अम्मीच्या पाठीला जखमा कधी झाल्या? डॉक्टरांना दाखवल्या का? दर रविवारी फोनवर मला "बरी आहे" असं कळायचं, ते वाक्य तिचं होतं की तू तिला शिकवलेलं? मी आरोप करत नाही. मला माहिती हवी आहे.

आणखी एक. दाराबाहेर उभी असताना मला पाण्याचा आवाज येत होता. कुणीतरी तांब्या फार हळू ओतत होतं. लहानपणी आपल्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून अम्मी कपाळावर हात आडवा धरून पाणी ओतायची, तेव्हा असाच आवाज यायचा. ओतणारी कोण होती, एवढं तरी सांग.

छोटी

१८ नोव्हेंबर

छोटी,

वालेकुम सलाम. तू सलाम लिहायला विसरलीस, पण मी घेतला.

पहिलीच्या मुलांना मी आकडेच शिकवते, त्यामुळे तुझे आठही मुद्दे वाचता आले. दुरुस्ती करणार नाही. तुझा अहवाल तुझ्यापाशी ठेव. आणि "मी आरोप करत नाही" म्हणणाऱ्याच्या मुठीत दगड असतो, हे तुमच्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत वाटतं.

आत काय दिसलं ते मी सांगणार नाही. न्हाऊ घालणाऱ्याने जे पाहिलं ते झाकायचं असतं. जो झाकतो त्याचंही झाकलं जातं. चाचीने मला हे काम शिकवलं तेव्हा पाणी किती कोमट हवं हे नंतर सांगितलं, तोंड मिटायचं हे आधी. मय्यत परकीची असो की आपल्या अम्मीची, दार एकच.

तुला अम्मीचा घड्यांचा खेळ आठवतो का? दोरीवरचे कपडे पलंगावर येऊन पडायचे. जिची कुणाबद्दल तक्रार असेल तिने एकेक कपडा उचलायचा आणि प्रत्येक घडीला त्या माणसाच्या बाजूने एक सबब सांगायची. आपल्या माणसासाठी सत्तर सबबी शोधाव्यात, हे थोरांचं सांगणं. अम्मीने त्याला धुणं जोडलं, म्हणजे पुण्यही पदरात आणि कामही उरकलं. दूधवाल्याला उशीर झाला की मी म्हणायचे, सायकल पंक्चर झाली. मग म्हणायचे, म्हैस रुसली. तू फ्रॉक हातात धरून विचारायचीस, "पुरावा?" अम्मी इतकी हसायची की तिच्या हातातली चादर सुटायची आणि पुन्हा घडी घालावी लागायची.

माझ्यासाठी तू एक तरी घडी घातलीस का गं?

थंडी पडली आहे. तुझा जुना स्वेटर अम्मीच्या कपाटात सापडला. तिने त्याची बटणं नव्याने लावून ठेवली होती. हवा असेल तर पाठवते.

आपा

२१ नोव्हेंबर

चाची,

सलाम. हे पत्र आपाला न सांगता लिहीत आहे. तिला कळवू नये ही विनंती.

मी तिला काही सरळ प्रश्न विचारले होते. तिने घाईघाईत खरडलेलं उत्तर पाठवलं. अक्षर इतकं वाकडंतिकडं की तिला ते लिहिण्याचाही कंटाळा आला असावा. शाळा, घर आणि अम्मी, तिन्ही तिला झेपत नव्हतं असं मला वाटतं. तिने अम्मीची हेळसांड केली असं मी म्हणत नाही. पण अम्मीला जखमा झाल्या आणि आपाने त्या माझ्यापासून लपवल्या, असं दिसतं. मला आत न घेण्याचं दुसरं कारण मला सापडत नाही.

तुम्ही इस्पितळात मेट्रन होता आणि त्या सकाळी आत होता. पाठीला जखमा होत्या की नव्हत्या? एका शब्दात लिहिलंत तरी चालेल.

छोटी

२७ नोव्हेंबर

भिंगवाल्या पोरी,

(हे नाव तुझ्या आपाने ठेवलेलं. मी उसनं घेतलं.) सलाम आणि दुआ.

तुझं पत्र वाचलं. चहा ठेवला. तुझ्या आपाला बोलावलं आणि ते तिच्या हातात दिलं. माझ्या वॉर्डात कुणाच्या पाठीमागे कुजबुज चालत नसे. आता केस पांढरे झाल्यावर तुझ्यासाठी सुरू करू काय? ती रडली नाही. चहा मात्र अर्धा टाकला. तिचा चहा कधी उरत नाही, हे तुला ठाऊक आहे. तिनेही मग मला तुझे आठ मुद्दे दाखवले, म्हणजे तुझं खासगी पत्र मीही वाचलं. फिट्टंफाट.

एक शब्द मागतेस. समज, मी आज लिहिलं, "नव्हत्या." उद्या गल्लीतली दुसरी कुणी गेली. तिच्या लेकीने असंच विचारलं आणि मी गप्प बसले. तर ती काय समजेल? एकीच्या अंगाबद्दल मी "काही नव्हतं" म्हटलं की माझं पुढचं प्रत्येक गप्प बसणं बोलायला लागेल. मी आजवर ज्यांना न्हाऊ घातलं त्या सगळ्यांच्या अंगावरची चादर तुझ्या त्या एका शब्दाने ओढली जाईल. म्हणून होत्याही नाही आणि नव्हत्याही नाही. चांगलं दिसलं तर सांगायची मुभा आहे, तेवढं सांगते. तुझ्या अम्मीचा चेहरा निवांत होता. घरातलं सगळं काम आटोपून बसलेल्या बाईचा असतो तसा.

आता जिवंत माणसाचं. यात झाकण्यासारखं काही नाही, फक्त तुझी आपा मानी आहे. त्या पट्ट्या तिच्या होत्या. अम्मीच्या चादरी ती रोज जंतुनाशकाच्या पाण्यात हाताने धुवायची, कारण मशीन लावलं की त्या आवाजाने अम्मी दचकायची. तिच्या हातांची कातडी फाटली. पेरांतून रक्त यायचं. मलम मीच दिलं. गुस्लच्या आधी तिने पट्ट्या सोडल्या, हात धुतले आणि हातमोज्यांवर हातमोजे चढवले. नंतर तुला मिठी मारली असती तर तुझ्या कपड्यांना डाग लागले असते. आणि ते वाकडं अक्षर कंटाळ्याचं नव्हे. शाळेत खडू धरता येत नाही म्हणून ती सध्या मुलांना तोंडी शिकवते आहे. मुलं खूश आहेत.

मी इकडे रविवारी नव्या बायकांना गुस्ल शिकवते. मय्यत म्हणून पलंगावरचा लोड घेते. परवा एकीने लोडावर पाणी ओतण्याआधी त्याला विचारलं, "गार तर नाही ना?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, बाकीच्यांना वेळ लागेल, ही पास.

चाची

३ डिसेंबर

छोटी,

चाचीने माझ्या हातांची जाहिरात केली. तिला कुणी सांगितलं होतं? आता बरे आहेत. हे पत्र माझ्या नेहमीच्या अक्षरात आहे, भिंग लावून खात्री कर.

तू चाचीला लिहिलेलं वाचलं तेव्हा वाटलं, आता या मुलीशी बोलायचं नाही. शाळेत दोन पोरं भांडली तर मी दोघांना कान धरायला लावते. तसा घरी येऊन माझा कान धरून पाहिला. तू निदान विचारलंस. चुकीच्या माणसाला विचारलंस, पण विचारलंस. मी तुला काहीच विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तू आलीस, बॅग भिंतीला टेकवून ठेवलीस आणि म्हणालीस, "किती वाजता? जवळ कोण होतं? शेवटचं औषध कोणतं दिलं?" दुल्हाभाई उत्तरं देत गेले. तू मान हलवत होतीस, जणू कुठेतरी नोंद होते आहे. मी तुझ्याकडे पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं, हिला काही होत नाहीये. ही उद्या आत आली तर अम्मीकडे मोडलेल्या दांड्यासारखी बघेल. बस. तेवढ्यावर दार लावलं.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. अम्मी शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली होती, "पाणी छोटीने घालावं. तिचा हात थरथरत नाही." हे तिने फक्त मला सांगितलं होतं. मी गिळलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. मी गिळलं.

अम्मी ती गोष्ट सांगायची, आठवते? लढाईत समोरच्या माणसाने इस्लाम स्वीकारल्याचा कलमा म्हटला, तरी नबींच्या एका सोबत्याने त्याला मारलं. तो जिवाच्या भीतीने म्हणतोय, असं त्यांना वाटलं. नबींनी विचारलं, "तू त्याचं काळीज चिरून पाहिलं होतंस का?" मला नेहमी वाटायचं हा प्रश्न तुझ्यासाठी आहे, वस्तू कापून आत बघणारी तूच. पण तू आधी कापतेस आणि मग बोलतेस. मी न कापताच निकाल दिला, तोही आपल्या अम्मीच्या उशाशी बसून.

तू विचारलंस, ओतणारी कोण होती. मी होते. कपाळावर हात आडवा धरला होता. चाची हळूच म्हणाली, "अगं, आता तिच्या डोळ्यांत साबण नाही जायचा." तरी धरला. प्रत्येक तांब्याला वाटत होतं, दाराची कडी काढावी. कडी हाताच्या अंतरावर होती.

जे अल्लाहचं होतं त्याची माफी मी त्याच्याकडे मागितली. पण तांब्या तुझा होता. माणसाचा हक्क माणसानेच माफ करायचा असतो, तो वरून माफ होत नाही. म्हणून तुझ्याकडे मागते आहे. नाही म्हणालीस तर तोही तुझा हक्क.

आपा

९ डिसेंबर

आपा,

सलाम. या वेळी विसरले नाही.

तुझं पत्र मी कामावर उघडलं. ते वाचून पाकिटात परत ठेवलं आणि पंपाचा एक दांडा कापायला घेतला. पाती लावताना माझा हात थरथरत होता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मशीन बंद केलं. अम्मीचं माझ्या हाताबद्दलचं मत चुकीचं होतं. हे तिला सांगायला मिळायला हवं होतं.

आधी माझ्या अहवालाबद्दल. सातव्या मुद्द्यात चूक आहे. पट्ट्या आणि ट्यूब दिसली, इथे तो संपायला हवा होता. "अम्मीच्या पाठीला झालेल्या जखमांची" हे मी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे 'दिसले' आणि 'अनुमान' यांची पानं वेगळी असतात. हाताखालच्या मुलीने ती अशी मिसळली असती तर मी अहवाल पुढे न वाचता परत केला असता. त्यानंतर मी चाचींना लिहिलं. वाईट गुमान, म्हणजे संशय, धरू नका, कुणाच्या मागावर राहू नका, पाठीमागे वाईट बोलू नका, अशी कुराणातली ती आयत आहे. मी तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने केल्या, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की मी फक्त माहिती गोळा करते आहे.

अम्मी म्हणायची, तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी स्वतःचा घ्या. म्हणून माझ्याकडचं एक लिहिते. रविवारचं "बरी आहे" हे वाक्य कुणाचं, असं मी तुला विचारलं होतं. ते तिचं होतं. मला उत्तर माहीत होतं. ते छोटं वाक्य शेवटी शेवटी तिच्या धापेने मध्येच तुटायचं. तडा ओळखणं हे माझं काम आहे आणि तो मला ऐकू येत होता. बॉयलरची तपासणी संपवून मग जावं, असं मी ठरवलं. तपासणी दुसरं कुणीही करू शकलं असतं. दोष तुझा निघाला असता तर हे पान मला उघडावं लागलं नसतं.

तू त्या संध्याकाळी जे पाहिलंस ते बरोबर होतं. मी ते तीन प्रश्न विचारले. प्रश्न विचारत असते तोवर मला उभं राहता येतं. चौथा प्रश्न, "तिने माझी आठवण काढली का," हा होता. तो तोंडातून निघाला नाही. तुझ्या पत्रात त्याचं उत्तर आलं. ते दाराच्या आत मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण आलं.

आता तू मागितलेल्या गोष्टीबद्दल. मी रागावले आहे. हे मी झाकत नाही. शनिवारी दोरीवरचे कपडे काढले आणि घड्या घालायला बसले. टॉवेल घेतला. आपा थकली होती. चादर. तिचे हात दुखत होते आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुर्ता. मी दारात रडत आले असते तर तिने मला ओळखलं असतं. मी तशी आले नाही. ओढणी. इतके महिने अम्मी तिची एकटीची होती, तिला शेवटची आंघोळही एकटीनेच घालावीशी वाटली असेल. या ओढणीपाशी थोडा वेळ लागला. एकटीचं धुणं लवकर संपतं, आपा. मोज्यांच्या जोड्या मोडून एकेक घडी केली, तरी सत्तरच्या जवळपासही पोहोचले नाही. मग कपडे संपल्यावर अम्मी म्हणायची ते म्हटलं. "मला ठाऊक नसलेली एखादी सबब असेल." या वेळी पुरावा मागितला नाही.

तांब्याचा हक्क मी माफ केला. राग अजून आहे. तो वेगळ्या पानावरचा आहे. तो कमी होईल तसं कळवत जाईन.

स्वेटर पाठवू नकोस. कपाटातच राहू दे. बटणं मला तिथेच बघायची आहेत.

रविवारी, २२ डिसेंबरला, चाचींचा वर्ग असेल. मला शिकायचं आहे. लोडावर पाणी ओतणं जमेल. जे दिसलं ते तिथंच ठेवून बाहेर येणं मला जड जाईल, आणि तेच आधी शिकायचं असतं असं तू लिहिलं आहेस. पुढे गल्लीत कुणाला गरज पडेल तेव्हा मला त्या दाराच्या आत, तुझ्या शेजारी उभं राहायचं आहे. चाचींना मी स्वतः विचारेन, या वेळी तुला सांगून. पण आधी तुझं उत्तर हवं. रजेचा अर्ज मला गुरुवारी द्यायचा आहे.

मी येऊ का, आणि आले तर तांब्या माझ्या हातात देशील का, हे बुधवार, १८ डिसेंबरपर्यंत कळव.

छोटी